कारतूस साहेबांची दुसरी पलटण

दरवर्षी ७ डिसेंबर हा दिवस देशभर सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. १९४९ सालापासून चालत आलेल्या या प्रथेनुसार शाळा-कचेऱ्यांतून निधी गोळा होतो, छातीवर छोटे ध्वज लावले जातात आणि जिल्हाधिकारी कार्यालयांतून संकलनाच्या उद्दिष्टांचे आकडे जाहीर होतात. या निधीची प्रयोजने तीन आहेत. युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेत असलेल्या सैनिकांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे कल्याण आणि माजी सैनिकांना नागरी जीवनात स्थिरस्थावर करणे. यांपैकी पहिल्या प्रयोजनाचा नेमका अर्थ काय, याचा विचार मात्र ध्वज टाचून घेणारा क्वचितच करतो.

योगायोग असा की, १९७१ साली याच ७ डिसेंबरला भारतीय लष्कराची पहिली हेलिकॉप्टर मोहीम सुरू झाली. पाचव्या गुरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनचे जवान तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील सिल्हेट शहराजवळ उतरले. त्या पलटणीत मेजर इयान कार्डोझो नावाचे एक मुंबईकर अधिकारी होते. पुढच्या काही दिवसांत त्यांनी एक पाय गमावला आणि त्यानंतरच्या काही दशकांत, आधी गणवेशात आणि मग गणवेशाबाहेर, ‘युद्धजखमी सैनिकाचे काय करायचे?’ हा प्रश्न त्यांनी लष्करापुढे, सरकारपुढे आणि समाजापुढे सातत्याने ठेवला. त्या प्रश्नाचे उत्तर आजही अर्धवटच सापडले आहे.

मुंबई ते सिल्हेट

कार्डोझो यांचा जन्म १९३७ सालचा, मुंबईचा. शिक्षण तेथील सेंट झेवियर्स शाळेत व महाविद्यालयात झाले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्कृष्ट छात्राचे सुवर्णपदक आणि गुणवत्ता यादीतील प्रथम क्रमांकाचे रौप्यपदक, ही दोन्ही पदके एकाच वेळी मिळवणारे ते पहिले छात्र होत. पाचव्या गुरखा रायफल्समध्ये दाखल झाल्यावर त्यांच्या आडनावाचा उच्चार जवानांच्या जिभेवर काही केल्या बसेना. त्यांनी ‘कार्डोझो’चे ‘कारतूस’ केले आणि ‘कारतूस साहेब’ हे नाव त्यांना आयुष्यभरासाठी चिकटले. ईशान्य सीमेवरील गस्तीत दाखवलेल्या शौर्याबद्दल १९६० साली त्यांना सेना पदक मिळाले.

१९७१ च्या युद्धाला तोंड फुटले तेव्हा ते वेलिंग्टन येथील संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालयात प्रशिक्षण घेत होते. नोव्हेंबरमधील अटग्रामच्या लढाईत चौथ्या बटालियनने खुकरीच्या बळावर शत्रूची ठाणी जिंकली होती. पण बटालियनचे उपप्रमुख या मोहिमेत धारातीर्थी पडले. त्यांची जागा घेण्यासाठी कार्डोझो यांना तातडीने पाठवण्यात आले. बटालियनचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर यांच्याकडे होते. या युद्धातील कामगिरीबद्दल ते महावीर चक्राचे मानकरी ठरले.

सिल्हेटजवळ उतरलेली तुकडी संख्येने छोटी होती आणि तिला ४८ तासांत कुमक मिळेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात शरणागतीपर्यंत, म्हणजे नऊ दिवस, तिला तुटपुंज्या शिधा-दारूगोळ्यावर टिकून राहावे लागले. समोर तिच्यापेक्षा कितीतरी मोठे सैन्य होते. बीबीसीच्या वार्ताहराने एका बटालियनऐवजी पूर्ण ब्रिगेड उतरल्याचे वृत्त दिले, शत्रूनेही ते खरे मानले आणि हरोलीकर यांच्या पलटणीने तो समज कायम राहील अशीच हालचाल ठेवली.

ढाका पडल्यानंतर, जिवावरचे संकट टळले असे वाटत असतानाच, कार्डोझो यांचा पाय भूसुरुंगावर पडला. पायाच्या चिंधड्या झाल्या. वेदनाशामक औषधे नष्ट झालेली आणि शस्त्रक्रियेची सोय नाही. लोंबकळणारा पाय कापून टाकण्यास त्यांनी आपल्या सहायकाला सांगितले. त्याचा हात धजावेना. तेव्हा त्यांनी त्याच्याकडून खुकरी मागून घेतली, स्वतःचा पाय स्वतःच कापला आणि तो पुरून टाकण्याचा हुकूम दिला. पुढची शस्त्रक्रिया केली ती युद्धबंदी असलेल्या एका पाकिस्तानी शल्यविशारदाने, मेजर मोहम्मद बशीर यांनी. आपण त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ही खंत कार्डोझो यांनी पुढे अनेकदा व्यक्त केली.

ही कथा इतकी थरारक आहे की, बहुतेकांची कार्डोझो यांच्याशी ओळख येथेच सुरू होते आणि येथेच संपते. २०२१ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपटाची घोषणा झाली, तेव्हाही चर्चा खुकरीचीच झाली. वास्तविक खुकरीचा प्रसंग काही मिनिटांचा होता. त्यानंतरची लढाई काही दशके चालली.

श्रेणीचा अडसर

लष्करात माणसाची शारीरिक पात्रता ‘शेप’ या पद्धतीने ठरते. मानसिक स्थिती, श्रवणशक्ती, हातपाय, सर्वसाधारण शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच निकषांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून हा शब्द तयार झाला आहे. पाचही निकषांवर पहिला क्रमांक असेल तर माणूस कोठेही, कोणत्याही कामासाठी पात्र समजला जातो. एखाद्या निकषावर क्रमांक घसरला की, तो ‘निम्न वैद्यकीय श्रेणी’त जातो. मग वैद्यकीय मंडळ ठरवते, की त्याला हलके काम देऊन सेवेत ठेवायचे की सेवेतून मुक्त करायचे. पाय गमावलेल्या पायदळाच्या अधिकाऱ्याला कचेरीत टेबल मिळू शकत होते. पण पलटणीचे नेतृत्व मिळण्याची वाट बंद होती आणि नेतृत्व नाही म्हणजे पुढची बढतीही नाही.

पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात कार्डोझो यांना लाकडी पाय बसवण्यात आला. १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्थापन झालेले हे केंद्र हात-पाय गमावलेल्या हजारो सैनिकांचा आधार राहिले आहे. नव्या पायावर उभे राहताच कार्डोझो यांनी एकच मागणी धरून ठेवली. आपली परीक्षा इतरांसारखीच घ्यावी आणि उत्तीर्ण झाल्यास पलटण द्यावी. त्यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, शारीरिक क्षमतेच्या चाचणीत धावण्यास डॉक्टरांनी मनाई केली होती. तरीही ते धावले आणि दोन्ही पाय शाबूत असलेल्या सात अधिकाऱ्यांना त्यांनी मागे टाकले. तेवढ्याने निर्णय झाला नाही. अखेर लष्करप्रमुख जनरल टी. एन. रैना यांनी त्यांना लडाखमध्ये नेले आणि डोंगरातून, बर्फातून चालताना प्रत्यक्ष पाहिल्यावर मान्यता दिली. पायदळाच्या बटालियनचे नेतृत्व करण्यास मंजुरी मिळालेले ते पहिले युद्धअपंग अधिकारी ठरले. पुढे त्यांनी ब्रिगेडचेही नेतृत्व केले आणि १९९३ साली मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले.

त्यांच्यासारखे आणखी काही अधिकारी लष्करात होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे विजय ओबेरॉय यांनी १९६५ च्या युद्धात पाय गमावला आणि तरीही ते लेफ्टनंट जनरल होऊन २००० साली लष्कराच्या उपप्रमुखपदापर्यंत पोहोचले. भूसुरुंगाच्या स्फोटात दोन्ही पाय गमावलेले पंकज जोशीही लेफ्टनंट जनरल झाले. ही उदाहरणे अभिमानास्पद आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांतूनच एक अवघड प्रश्न उभा राहतो. असामान्य जिद्दीच्या अधिकाऱ्याला लष्करप्रमुखांपर्यंत जाऊन आपली बाजू मांडता येते. सातारा, सांगली किंवा रत्नागिरीच्या एखाद्या गावातून भरती झालेल्या, पाय गमावून तिशीत घरी परतलेल्या जवानाने कोणाकडे जायचे?

निवृत्तीनंतरची नेमणूक

निवृत्तीनंतर अनेक वरिष्ठ अधिकारी संचालक मंडळांवर किंवा सल्लागारपदांवर दिसतात. कार्डोझो यांनी वेगळी वाट धरली. दिल्लीतील ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ नॉर्दर्न इंडिया’ या संस्थेत ते काम करू लागले. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांसाठी ही संस्था काम करते. या मुलांनी कोणते युद्ध लढलेले नव्हते, त्यांच्या छातीवर पदक नव्हते आणि त्यांच्यासाठी ध्वजदिनही नव्हता. मात्र पायऱ्यांपाशी अडणे, मुलाखतीआधीच नकार मिळणे आणि सहानुभूतीच्या आडून अपात्र ठरवले जाणे, हा अनुभव जायबंदी सैनिकाचा आणि या मुलांचा एकच होता.

२००५ ते २०११ या काळात कार्डोझो भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्ष होते. संसदेच्या १९९२ च्या कायद्याने अस्तित्वात आलेली ही परिषद सर्वसामान्यांना फारशी ठाऊक नसते. पण तिचे काम पायाभूत आहे. विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयव तयार करणारे तंत्रज्ञ अशा पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांचे अभ्यासक्रम ठरवणे, प्रशिक्षण संस्थांना मान्यता देणे आणि पात्र व्यक्तींची राष्ट्रीय नोंदवही ठेवणे, ही जबाबदारी तिच्याकडे आहे. एखाद्या तालुक्याच्या गावी कर्णबधिर मुलाला शिकवणारा शिक्षक खरोखर प्रशिक्षित आहे की नाही, हे या नोंदवहीवरून कळते. ज्या माणसाने आपल्या पात्रतेची न्याय्य परीक्षा व्हावी म्हणून झगडा केला, त्याच्याकडे इतरांना पात्र करणाऱ्यांच्या शिक्षणाची सूत्रे यावीत, हे औचित्यपूर्णच होते.

याच काळात त्यांची लेखणीही चालू राहिली. परमवीर चक्राच्या मानकऱ्यांवरील ग्रंथ, ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेतून वाचलेल्यांच्या कथनांवर आधारलेले पुस्तक आणि इतर लेखन यांमागे एकच भूमिका दिसते. सैनिक काय करतो, हे नागरिकांना ठाऊक नसेल, तर सैनिकाला काय मिळायला हवे, हेही त्यांना उमगणार नाही.

वकिली कशासाठी?

लेफ्टनंट जनरल ओबेरॉय यांच्या पुढाकाराने २००२ साली ‘वॉर वूंडेड फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली आणि कार्डोझो तिच्या कामात सहभागी झाले. युद्धात व लष्करी मोहिमांत जायबंदी झालेल्यांना एकत्र आणणे, त्यांच्या पुनर्वसनासाठी साह्य करणे आणि त्यांच्या मागण्या शासनापर्यंत नेणे, ही या कामाची दिशा. हुतात्म्याच्या कुटुंबाची आठवण समाज निदान काही दिवस ठेवतो. जखमी होऊन जिवंत राहिलेला सैनिक मात्र बातमीच्या दुसऱ्याच दिवशी विस्मरणात जातो, हे या सर्वांच्या अनुभवातून आलेले निदान होते. ‘युद्धअपंग’ या शब्दाऐवजी ‘युद्धजखमी’ या शब्दाचा आग्रह धरला गेला, तोही याच जाणिवेतून. पहिला शब्द माणसाची उणीव सांगतो, दुसरा त्याने काय सोसले ते सांगतो.

मागण्या करण्याची गरज का पडते, हे समजण्यासाठी निवृत्तिवेतनाची रचना थोडी तपशिलात पाहावी लागेल. संरक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २००१ च्या आदेशाने मृत्यू व अपंगत्वाच्या कारणांचे ‘अ’ ते ‘ई’ असे पाच वर्ग पाडले. सेवेशी संबंध नसलेली कारणे पहिल्या वर्गात, सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले आजार दुसऱ्या, कर्तव्यावरील अपघात तिसऱ्या, दहशतवादी वा समाजविघातक घटकांच्या हल्ल्यांसारख्या घटना चौथ्या आणि प्रत्यक्ष युद्ध व लष्करी मोहिमा पाचव्या वर्गात. कागदावर कोणते अक्षर पडते, यावर पुढचे सगळे आयुष्य ठरते.

सोयीसाठी एखाद्या जवानाचे अखेरचे वेतन १०० रुपये होते असे धरू. सेवेमुळे आलेल्या आजाराने किंवा अपघाताने त्याला १०० टक्के अपंगत्व आले, तर त्याच्या सेवेच्या निवृत्तिवेतनाव्यतिरिक्त अपंगत्वाचा भाग ३० रुपये होतो. हेच अपंगत्व युद्धातील जखमेमुळे आले आणि त्याला सेवेतून मुक्त केले, तर तो भाग १०० रुपये होतो. परंतु तोच जखमी जवान लाकडी पायाने सेवेत राहिला आणि नियत वयोमानाने निवृत्त झाला, तर हा भाग ६० रुपयांवर येतो. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कमही घटते आणि सामान्यतः २० टक्क्यांखालील अपंगत्वाला हा लाभ मिळत नाही.

टक्केवारीचा निर्णय वैद्यकीय मंडळ करते. मंडळांतील मतभिन्नतेचा फटका सैनिकाला बसू नये म्हणून १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्यापर्यंत नेण्याची पद्धत आली. ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यावर १०० धरायचे. मात्र ही सवलत केवळ सेवेतून मुक्त केलेल्यांना देण्यात आली. जखमेनंतरही नेटाने सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना ती नाकारली गेली. थोडक्यात, जो घरी गेला त्याला अधिक आणि जो सेवेत राहिला त्याला कमी, अशी ही विसंगती होती. ती दूर होण्यास सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा ‘राम अवतार’ प्रकरणातील निकाल यावा लागला. त्याआधी २०१३ साली ‘धरमवीर सिंग’ प्रकरणात याच न्यायालयाने स्पष्ट केले होते, की भरतीच्या वेळी निरोगी म्हणून नोंद असलेल्या सैनिकाला सेवेत आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे.

२००९ साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे काम सुरू झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईतही आले. त्यामुळे सैनिकांना दाद मागणे तुलनेने सोपे झाले. पण न्यायाधिकरणात जिंकलेल्या सैनिकाविरुद्ध सरकारने वरच्या न्यायालयात जायचे, असा प्रघात पडला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने नेमके यावर बोट ठेवले आणि अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाबाबतची अपिले मागे घेण्याची शिफारस केली. तरीही वाद संपले नाहीत. २०१९ साली निघालेल्या परिपत्रकाने अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावरील प्राप्तिकराची सूट सेवेतून मुक्त केलेल्यांपुरती सीमित केली. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना ती नाही असे सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमांवरही माजी सैनिकांच्या संघटनांनी आक्षेप घेतले. खोटे दावे होऊ नयेत ही सरकारची काळजी अस्थानी नाही. मात्र संशयाची झळ सर्वांत आधी खऱ्या जखमीला लागते, ही संघटनांची तक्रारही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

नागरी कायद्याशी तुलना केली म्हणजे सैनिकाची अडचण अधिक स्पष्ट होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही असे संरक्षण दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते कायम ठेवले. परंतु दोन्ही वेळा लढाऊ सैनिकांना अधिसूचनेद्वारे यातून वगळण्यात आले. पहिल्यांदा २००२ साली आणि नंतर २०२१ साली. लढण्यास सक्षम सैन्य हवे, हा युक्तिवाद नाकारण्यासारखा नाही. पण त्याचा परिणाम असा, की कारकुनाला जे कायद्याने मिळते, ते सैनिकाला मंडळाच्या आणि वरिष्ठांच्या मर्जीने मिळते.

खडकीतले धडे

नियमांच्या या जंजाळापलीकडे पुनर्वसन म्हणजे काय, हे पाहायचे तर पुण्यातील खडकीकडे वळावे लागेल. मणक्याच्या इजेमुळे कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर निकामी झालेल्या सैनिकांसाठी १९७४ साली येथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे, काहीतरी उत्पादक काम शिकणारे, तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे सैनिक या केंद्राने घडवले. खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातील जायबंदी भारतीय सैनिकांना हातचे कौशल्य देण्यासाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढे येथे आली. जखमी सैनिकाला उपचारांइतकीच कामाची गरज असते, हे शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखले, त्यांची दृष्टी आजच्या अनेक योजनाकारांपेक्षा पुढची म्हणावी लागेल.

संधी मिळाली तर काय होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पोहण्याकडे वळलेल्या या सैनिकाने १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. पॅरालिम्पिक स्पर्धांत भारताला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचायला २०१८ साल उजाडले. त्याच वर्षी लष्कराने ‘कर्तव्य बजावताना अपंगत्व आलेल्या सैनिकांचे वर्ष’ पाळले, ही बाब लक्षणीय आहे.

मधल्या काळात व्यवस्थेत काहीच घडले नाही, असे नव्हे. २००३ साली माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. २००४ साली संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याणाचा स्वतंत्र विभाग आला. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची जिल्हा कार्यालये निवृत्तिवेतनाच्या अर्जांपासून पाल्यांच्या शिष्यवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करतात. तथापि योजना असणे आणि ती पोहोचणे यांत अंतर असते. खेड्यात परतलेल्या जवानाला आपल्या कागदावर कोणता वर्ग पडला आहे आणि तो चुकीचा असल्यास दाद मागता येते, हेच पुष्कळदा ठाऊक नसते. माजी सैनिक संघटनांचे, तसेच गावोगावच्या निवृत्त सुभेदार-हवालदारांचे खरे काम येथे सुरू होते. एखाद्याचा अर्ज लिहून देणे, जुनी वैद्यकीय कागदपत्रे मिळवणे, तारखेला सोबत जाणे, या कामांची कोणी बातमी करीत नाही. सैनिकी सेवेचा तो उत्तरार्ध आहे.

पुढची पिढी

हे प्रश्न जुन्या युद्धांबरोबर संपतील, असे मानणे चुकीचे ठरेल. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांना निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास १००, ७५ किंवा ५० टक्के प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांच्या एकरकमी साह्याची तरतूद योजनेत करण्यात आली. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पाय गमावलेल्या तरुणापुढे पन्नास वर्षांचे आयुष्य असते; त्या हिशेबाने या रकमेचे मोल तपासावे लागेल. दुसरा प्रश्न छात्रांचा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा अन्य प्रशिक्षण संस्थांत प्रशिक्षणादरम्यान जखमी होऊन बाहेर पडलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जाच मिळत नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात या छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार उघडण्याचा निर्णय झाला. ज्या प्रबोधिनीने कार्डोझो यांना दोन पदके दिली, तिच्याच आवारात जायबंदी झालेल्या मुलांना आपण सैनिक होतो की नव्हतो, याचे उत्तर मिळवण्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागले.

कार्डोझो यांच्या कारकिर्दीकडे या सगळ्याच्या संदर्भात पाहिले म्हणजे तिचे मोल नीट कळते. लाकडी पायाने पलटण चालवून दाखवली, तो त्यांचा वैयक्तिक पराक्रम होता. पण तेवढ्यावर थांबले असते, तर ते एक अपवाद ठरले असते आणि व्यवस्था अपवादांचे कौतुक करून नियम तसेच ठेवते. निवृत्तीनंतर त्यांनी आणि त्यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी जो प्रयत्न केला, तो हा अपवाद नियम व्हावा यासाठीचा होता. जखमी सैनिकाची आणि जन्मतः अपंग असलेल्या मुलाची बाजू एकाच तळमळीने मांडणे, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य. त्यांच्या या दुसऱ्या पलटणीत गणवेशाची अट नव्हती.

पुढच्या ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा समोर येईल तेव्हा त्यात पैसे टाकणे हे कर्तव्य आहेच. त्याबरोबर आणखी एक गोष्ट शहरी वाचकाच्या हाती आहे. आपल्या कार्यालयाच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, नोकरीसाठी आलेल्या माजी सैनिकाला सुरक्षारक्षकापलीकडचे काम आपण देऊ शकतो का आणि पाय नसलेल्या उमेदवाराची परीक्षा आपण इतरांसारखीच घेतो का, हे विचारून पाहता येईल. कारतूस साहेबांनी लष्कराकडे पन्नास वर्षांपूर्वी मागितले होते ते एवढेच, न्याय्य परीक्षा आणि ती उत्तीर्ण झाल्यास काम.